पट्टी, काटा आणि स्लॉट: मार्केट यार्डाचा डेटाबेस हलवतानाच्या नोंदी

सोमवार, १४ जुलै २०२५

काम नक्की झालं. पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पट्ट्या (शेतकऱ्याला मिळणारे विक्रीचे हिशेब), खतावणी आणि काट्यावरची वजनं ज्या डेटाबेसात जातात, तो पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १२ व्या व्हर्जनवरून १७ वर न्यायचा. १२ ला मिळणारे अपडेट गेल्या नोव्हेंबरात बंद झाले. तो ज्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर (ओएस) चालतो त्याचे तर जून २०२४ मध्येच संपले. मशीन एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे, शेजारी लसणाची पोती. नवं मशीन बिबवेवाडीच्या ऑफिसात, डेबियन १२ वर.

डेटा सगळा मिळून ६० जीबीच्या आसपास. खरं तर एवढ्याचा डंप आणि रिस्टोअर (सगळा डेटा फाइलीत काढून दुसरीकडे भरणं) शनिवारच्या सुट्टीत सहज बसला असता. पण शेठ मंडळींच्या दोन अटी आहेत. बदलाआधी दोन्हीकडचे हिशेब शेजारी ठेवून ताडून बघायचे, आणि बदलानंतर बिनसलं तर त्याच पहाटे जुन्यावर परतता आलं पाहिजे. या दोन अटी आल्या की डंप बाद.

फिजिकल रेप्लिकेशन, म्हणजे डेटाबेसची हुबेहूब प्रत सतत ठेवत जाणं, वेगवेगळ्या मेजर व्हर्जनमध्ये चालत नाही, म्हणून तेही बाद. डेटा फाइल जशाच्या तशा उचलून नव्या ओएसवर ठेवून अपग्रेड करायचं तर आणखी एक भानगड आहे: सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (ओएसची मूळ लायब्ररी) २.१७, डेबियन १२ मध्ये २.३६. मध्ये २.२८ ला मजकुराचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने बांधलेले मजकुराचे इंडेक्स (शोधायच्या सूच्या) नव्या ओएसवर चुकीची उत्तरं देतात, आणि तेही बिनबोभाट. शेतकऱ्याचं नाव शोधावं आणि खातं असूनही सापडू नये, असा प्रकार. उरलं लॉजिकल रेप्लिकेशन. त्यात फक्त ओळी जातात आणि इंडेक्स तिकडे नव्याने बांधले जातात, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

मंगळवार, १५ जुलै

आज फक्त टेबलांची यादी. लॉजिकल रेप्लिकेशन चालू करायला आज्ञा दोनच, पाठवणाऱ्या बाजूला (पब्लिशर) पब्लिकेशनची आणि घेणाऱ्या बाजूला (सबस्क्रायबर) सबस्क्रिप्शनची. वेळ जाणार तो टेबलांच्या ओळखीत. एखादी ओळ बदलली किंवा पुसली, तर पलीकडे नेमकी कोणती ओळ शोधायची हे कळायला हवं. त्यासाठी रेप्लिका आयडेंटिटी लागते. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव खूण) असेल तर आपोआप तीच.

पोस्टग्रेसच्या कॅटलॉगला (त्याच्या स्वतःच्या नोंदींना) विचारलं, प्रायमरी की नसलेली टेबलं दाखव. जी निघाली त्यांना प्रत्येकाला इतिहास आहे.

‘खरेदीदार अडत’: जुलै २०१६ चं अपत्य. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा शासनाचा निर्णय झाला, तेव्हा पट्टीतून ती कापणं एकाएकी थांबवावं लागलं आणि खरेदीदाराच्या नावे वेगळी मांडावी लागली. टेबल त्या गडबडीत उभं राहिलं, प्रायमरी की द्यायला कुणाला फुरसत नव्हती. नऊ वर्षं विनातक्रार चाललंय.

‘काटा नोंद’: इलेक्ट्रॉनिक काट्याचा प्रोग्राम सीरियल पोर्टवरून वजन वाचतो आणि थेट इथे टाकतो. सगळ्यात मोठं टेबल, एकटंच २८ जीबी. प्रोग्रामचा सोर्स कोड कुणाकडेच नाही.

‘दरपत्रक’: तारीख, माल आणि प्रत (मालाचा दर्जा) मिळून युनिक इंडेक्स आहे, प्रायमरी की नाही. इंडेक्सलाच आयडेंटिटी करता येतं, पण त्यातला एकही कॉलम नल (रिकामा) चालणारा नसावा लागतो. ‘प्रत’ चालतो. कोथिंबिरीला कोण प्रत लावणार?

‘ऑडिट’: यात नुसत्या नव्या ओळी पडतात. इन्सर्टला आयडेंटिटीची गरज नसते, म्हणून हे तसंच सोडता येईल असं वरवर वाटतं.

बुधवार, १६ जुलै

डेटाबेसच्या चाचणीच्या प्रतीवर सगळी टेबलं पब्लिकेशनमध्ये घालून बघितलं. ‘ऑडिट’ने लगेच रंग दाखवले. दोन वर्षांपेक्षा जुन्या ओळी पुसणारं एक काम दर रात्री चालतं, त्याचं डिलीट नाकारलं गेलं: या टेबलाला रेप्लिका आयडेंटिटी नाही आणि ते डिलीट प्रसिद्ध करतंय, सबब पुसता येणार नाही.

इथे नीट लक्ष द्यायला हवं. अडतं ते मूळ बाजूला, सबस्क्रायबर जोडलेला असो वा नसो. आयडेंटिटी नसलेलं टेबल पब्लिकेशनमध्ये घातलं, की त्या क्षणापासून चालू सिस्टिममधले त्याचे अपडेट आणि डिलीट बंद पडतात. लोकांना वाटतं की पब्लिकेशन म्हणजे निरुपद्रवी यादी. प्रत्यक्षात पहाटे साडेचारला पट्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडावर एरर येतो.

काट्याच्या टेबलाला ‘फुल’ आयडेंटिटी द्यावी का, यावर सहकाऱ्याशी बराच खल झाला. फुल म्हणजे अख्खी जुनी ओळ हीच तिची ओळख. एका आज्ञेत काम होतं, टेबलाला हात लावावा लागत नाही. पण मग प्रत्येक बदलाला जुनी ओळ पूर्णच्या पूर्ण वॉलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहिली जाते, आणि पलीकडे तिला शोधायला योग्य इंडेक्स नसेल तर टेबल पहिल्यापासून चाळलं जातं. १६ व्या व्हर्जनपासून सबस्क्रायबर प्रायमरी की नसलेला साधा बी-ट्री इंडेक्सही वापरू शकतो, त्यामुळे आमचं भागलं असतं. तरी नको. काट्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन पडतं, मग रिकाम्या गाडीचं वजन घेऊन तीच ओळ बदलली जाते. म्हणजे प्रत्येक ओळीला किमान एक अपडेट ठरलेलंच. इथे खरी की हवी.

शनिवार, १९ जुलै

बाजाराला साप्ताहिक सुट्टी. यार्डात पाऊस आणि मोकळे हातगाडे. दुपारनंतर रविवारच्या गाड्या लागायला सुरुवात होते, तेव्हा जे करायचं ते सकाळीच.

‘वॉल लेव्हल’ ही सेटिंग रेप्लिकावरून लॉजिकल केली. हिला रीस्टार्ट लागतो, नुसता रीलोड पुरत नाही. स्लॉट (सबस्क्रायबर कुठवर पोचला याची नोंद) आणि वॉल सेंडर (बदल पाठवणारा प्रोग्राम) यांची मर्यादा मुळात १०-१० असते, ती आपल्याला भरपूर आहे.

‘काटा नोंद’ला आयडेंटिटी कॉलम जोडून प्रायमरी की दिली. यात पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितो, आणि तोवर ते कुणाला वाचताही येत नाही. शिवाय जुनी आणि नवी प्रत काही काळ एकत्र असतात, म्हणजे २८ जीबीला आणखी तेवढी मोकळी जागा लागते. ती आधी मोजून ठेवली होती. नवा कॉलम शेवटी जातो ही गोष्ट पथ्यावर पडली. काट्याचा प्रोग्राम कॉलमांची नावं न देता नुसत्या किमती ओततो, मध्ये काही आलं असतं तर वजनाच्या जागी गाडीचा नंबर बसला असता. रिकाम्या काट्यावर एक पोतं ठेवून खात्री केली.

‘खरेदीदार अडत’ला तसंच. ‘दरपत्रका’त नल प्रतीच्या जागी ‘सर्वसाधारण’ लिहिलं, कॉलम नॉट नल केला, इंडेक्सला आयडेंटिटी केलं. ‘ऑडिट’लाही की दिली.

सोमवार, २१ जुलै

नव्या मशीनवर नुसता स्कीमा नेला, १७ च्याच डंप प्रोग्रामने. टेबलांची रचना रेप्लिकेशन करत नाही, ती आधी तिथे असावी लागते. प्रायमरी की ठेवल्या, मोठ्या टेबलांचे बाकीचे इंडेक्स मुद्दाम वगळले. प्रत उतरल्यावर एकदम बांधलेले इंडेक्स ओळीगणिक वाढवत नेलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर होतात.

एचबीए फाइल (कुणाला जोडू द्यायचं ते ठरवणारी), तिच्यातली ओळ: डेटाबेसच्या रकान्यात आपल्या डेटाबेसचं नाव. तिथे ‘रेप्लिकेशन’ हा खास शब्द बऱ्याच ठिकाणी लिहिलेला दिसतो, पण तो फिजिकलसाठी असतो. लॉजिकल जोडणी एका विशिष्ट डेटाबेसलाच होते. वेगळा युजर केला, त्याला रेप्लिकेशनचा हक्क आणि पहिल्या प्रतीसाठी टेबलं वाचण्याचा हक्क.

ट्रिगरांचा विचार आजच संपवला. पट्टी पडली की एक ट्रिगर खतावणीतली शिल्लक बदलतो आणि दुसरा शेतकऱ्याला एसएमएस पाठवायच्या रांगेत ओळ टाकतो. रेप्लिकेशनने आलेल्या ओळींवर सबस्क्रायबरचे साधे ट्रिगर चालत नाहीत, मुद्दाम ‘ऑलवेज’ किंवा ‘रेप्लिका’ केले तरच चालतात. आपल्याला हेच हवंय. शिल्लक ही स्वतःच एक ओळ आहे, ती बदललेल्या रूपात येतेच. ट्रिगरही चालला असता तर रक्कम दोनदा चढली असती. एसएमएसची रांग मात्र पब्लिकेशनमधून बाहेर काढली. नव्या मशीनवरच्या पाठवणाऱ्या प्रोग्रामला ती दिसायलाच नको. एकाच टोमॅटोच्या पट्टीचे दोन मेसेज गेले की जुन्नरहून दहा फोन येतात.

मंगळवार, २२ जुलै

दुपारी पब्लिकेशन केलं. मग नव्या बाजूला सबस्क्रिप्शनची आज्ञा दिली आणि ती लटकली. एरर नाही, लॉगमध्ये काही वावगं नाही. सहकारी फायरवॉल तपासायला धावला.

कारण वेगळंच होतं. स्लॉट तयार होताना त्याला एक सुसंगत सुरुवातीचा बिंदू लागतो, आणि त्यासाठी त्या वेळी अर्धवट असलेले, काहीतरी लिहून ठेवलेले सगळे व्यवहार संपेपर्यंत तो थांबतो. जुन्या मशीनवर चालू सेशन बघितली तर एक ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, सकाळी ७:१० पासूनचं. एका गाळ्यावर कुणीतरी पट्टी दुरुस्त करायला उघडली, अर्धी भरली, आणि स्क्रीन तशीच ठेवून चहाला गेलं ते गेलंच. दिवाणजींना फोन लावला.

“काका, तुमच्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर पट्टी उघडी आहे. सेव्ह तरी करा, नाहीतर बंद करा.”

“तुम्हाला बिबवेवाडीत बसून कसं दिसतं?”

“दिसतं, काका.”

“मग रक्कम पण तुम्हीच टाका की.”

बंद केली, आणि पलीकडे सबस्क्रिप्शन त्याच क्षणी झालं.

आता पहिली प्रत उतरतेय. एका सबस्क्रिप्शनला एका वेळी दोनच टेबलं उतरवणारे वर्कर मिळतात, ही मूळ सेटिंग. ती चारवर नेली आणि लॉजिकल वर्करांची एकूण मर्यादाही वाढवली, नाहीतर नुसता पहिला आकडा वाढवून उपयोग नाही. पण एक टेबल एकाच वर्करकडे असतं, त्यामुळे शेवटी सगळे ‘काटा नोंद’ची वाट बघत बसतात. त्यात मध्येच जोडणी तुटली तर ते टेबल पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर सोडून दिलं. सकाळी सगळ्या टेबलांपुढे ‘आर’, म्हणजे रेडी.

गुरुवार, २४ जुलै

गुरुवार, महावितरणची देखभाल-दुरुस्ती. बिबवेवाडीची वीज दहाला गेली. यूपीएस दमला आणि नवं मशीन साडेअकराला बंद पडलं. यार्डात वीज होती, बाजार चालू होता.

हे होणार हे गृहीतच होतं, म्हणून दिवसभर जुन्या मशीनची डिस्क बघत बसलो. स्लॉट म्हणजे दिवाणजींच्या भाषेत उघडं उधारीचं खातं: समोरचा येऊन चुकती करत नाही तोवर पान फाडायचं नाही. सबस्क्रायबरने जिथवर पोच दिली, त्यापुढची एकही वॉल फाइल पोस्टग्रेस टाकत नाही. एक फाइल १६ एमबीची. आपल्याकडे गर्दीच्या वेळी तासाला चाळीसेक फाइल होतात, म्हणजे साधारण ६४० एमबी. दुपारनंतर अगदीच थोड्या. मोकळी जागा २८ जीबी. आजचा खोळंबा किरकोळ होता.

पण ही सबस्क्रिप्शन कुणी विसरून गेलं, तर आठवड्याच्या आत जुन्या मशीनची डिस्क भरेल आणि पोस्टग्रेस बंद पडेल. म्हणजे रेप्लिका बिघडली म्हणून मूळ डेटाबेस मरेल. १३ पासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज’ ही सेटिंग आली. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे स्लॉट मागे पडला तर स्लॉटवर पाणी सोडायचं आणि डिस्क वाचवायची. प्रत पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते, पण बाजार चालू राहतो. आपला पब्लिशर १२. ही सोय नाही.

तेव्हा पहारा स्वतःच लावला. दर पाच मिनिटांनी, आत्ताची वॉलची जागा आणि स्लॉटने धरून ठेवलेली जागा यांतला फरक. ५ जीबीला मेसेज, १२ ला फोन, २० ला जो जागा असेल त्याने स्लॉट काढून टाकायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं.

वीज दोनला आली. मशीन उठलं, सबस्क्रिप्शन आपणहून जोडलं गेलं, आणि साचलेलं सगळं चहा होईपर्यंत ओढून घेतलं.

रविवार, २७ जुलै

श्रावणातला पहिला रविवार, आवक मोठी. पहाटे चार ते आठ सतत बघितलं. नवं मशीन एक-दोन सेकंदांच्या वर मागे पडलं नाही.

एकदाच फरक एकदम वाढला, नवाच्या सुमारास. कुणीतरी हमालीचा दर बदलून महिन्याच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा मांडल्या, एकाच व्यवहारात. १२ मध्ये व्यवहार कमिट होईपर्यंत पलीकडे काहीच पाठवलं जात नाही. ४०९६ बदलांच्या वर गेला की वॉल सेंडर तो डिस्कवर साठवतो आणि कमिट झाल्यावर सगळा एकदम धाडतो. चालू व्यवहार तुकड्यातुकड्यांनी पाठवायची सोय १४ ची. त्यामुळे अशा कामात मागे पडल्यासारखं दिसणं साहजिक आहे, घाबरून काही रीस्टार्ट करायचं नाही.

बुधवार, ३० जुलै

सकाळी सबस्क्रिप्शन थांबलेलं. ‘डिसेबल ऑन एरर’ चालू ठेवलं होतं म्हणून एकदाच एरर देऊन शांत बसलं. ते नसतं तर तीच ओळ लावायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत लॉग भरवत राहिलं असतं.

‘माल’ टेबलात ड्युप्लिकेट की. नव्या सिस्टिमवर ताळा करणाऱ्या पोराने ड्रॅगन फ्रूटचा नवा कोड तिथेच भरून बघितला. आज जुन्या बाजूला तोच कोड दुसऱ्या मालाला दिला गेला. सबस्क्रायबरची टेबलं काही कुलूपबंद नसतात, तिथे कुणीही लिहू शकतं, आणि लिहिलं की असं होतं.

एररमध्ये व्यवहाराचा एलएसएन (वॉलमधली त्याची जागा) मिळतो आणि तो देऊन व्यवहार गाळता येतो. मोह झाला, पण गाळला तर व्यवहार अख्खा गळतो. त्याच व्यवहारात आणखी तीन टेबलांच्या ओळी होत्या. नव्या बाजूची आगंतुक ओळ पुसली, सबस्क्रिप्शन चालू केलं, सुटलं. नंतर ताळ्याच्या युजरला तिथे फक्त वाचायची मुभा ठेवली.

त्या पोराने जाता जाता दुसरी तक्रार सांगितली: “परवा एक पट्टी पण टाकून बघितली, ती घेतच नव्हती.” घेणार नाहीच. सिक्वेन्सचा (नव्या ओळीला पुढचा क्रमांक देणाऱ्याचा) आकडा रेप्लिकेशनने जात नाही. नव्या बाजूला तो १ पासून सुरू होतो आणि १ क्रमांकाची ओळ केव्हाच येऊन बसलीये. बदलाच्या दिवशीच्या यादीत हे सगळ्यात वर. छापील पट्टी क्रमांकाचं तसं नाही, तो गाळ्यागणिक एका टेबलातल्या ओळीत असतो, म्हणून बरोबर येतो. दिवाणजींना चिंता त्याचीच होती.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पट्टीत एक नवा कॉलम हवाय. क्रम: आधी सबस्क्रायबरवर जोडायचा, मग पब्लिशरवर. उलटं केलं तर पहिल्याच ओळीला ‘पलीकडे हा कॉलम नाही’ म्हणून थांबतं. झालं, दहा मिनिटांचं काम.

मंगळवार, ५ ऑगस्ट

ताळा. नुसत्या ओळी मोजून भागत नाही, म्हणून दिवसवार सगळ्या ओळी एका मजकुरात जोडून त्याचा एमडी५ (मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश) काढला आणि दोन्हीकडचा तुलना केला. पट्ट्या जुळल्या, काटा जुळला. शेतकऱ्यांचं टेबल जुळेना, एकाही गावाचं नाही.

ओळी नावाच्या क्रमाने जोडल्या होत्या. १४ तारखेला लिहिलेली जीलिबसीची भानगड इथे समोर आली. तीच नावं, तोच डेटा, पण दोन मशीनांवर क्रम वेगळा, म्हणून हॅश वेगळा. आयडीच्या क्रमाने जोडल्यावर सगळी गावं जुळली.

शेठजींना मात्र एमडी५ नको होता. त्यांनी आपल्या वहीतून तीन शेतकरी काढले आणि दोन्ही स्क्रीनवर त्यांची खाती ओळीने वाचायला लावली.

शनिवार, ९ ऑगस्ट

रक्षाबंधन आणि बाजाराची सुट्टी एकाच दिवशी. सहकाऱ्याला संध्याकाळी बहिणीकडे नाशिकला पोचायचं होतं, त्यामुळे कामाला आपसूक शिस्त आली.

जुन्या बाजूचं ॲप बंद. काट्याचा प्रोग्राम बंद. अर्धवट व्यवहार उरला नाही हे बघितलं. मग ‘खूण’ नावाच्या एका छोट्या टेबलात जुन्या बाजूला एक ओळ टाकली आणि ती नव्या बाजूला दिसल्यावरच पुढे गेलो. एलएसएनचे आकडे जुळवले होतेच, पण डोळ्यांना दिसलेली ओळ बरी.

सबस्क्रिप्शन काढून टाकलं, त्याबरोबर जुन्या बाजूचा स्लॉटही गेला. हे आधी करणं भाग होतं. ते ठेवून उलट दिशा चालू केली असती तर तीच ओळ दोघांमध्ये फिरत राहिली असती. उगम पाहून अशा ओळी गाळायची सोय १६ पासूनची, १२ ला ती ठाऊक नाही.

मग सिक्वेन्स. जुन्या बाजूचे आकडे वाचून, प्रत्येकात हजाराची भर घालून नव्या बाजूला लावले. सगळ्या टेबलांवर ॲनालाइज, कारण प्लॅनरची (शोध कसा घ्यायचा ते ठरवणाऱ्याची) आकडेवारीही रेप्लिकेशनने येत नाही. एसएमएसची रांग हाताने आणली, त्यात न पाठवलेलं काही नव्हतं.

आणि परतीची वाट: आता नवं मशीन पब्लिशर, जुनं सबस्क्रायबर, पहिली प्रत न उतरवता. १७ कडून १२ ला ओळी व्यवस्थित जातात. दोन्हीकडे डेटा या घडीला सारखाच होता, म्हणून प्रत नको. जुन्या बाजूच्या ॲपच्या युजरचे लिहिण्याचे हक्क काढले.

दुपारी दोनला ॲप नव्या पत्त्यावर. पहिली गाडी मंचरची, बटाटा. काट्याची ओळ पडली, पोटमाळ्यावरच्या मशीनवरही उमटली.

रविवार, १० ऑगस्ट

पहाट पार पडली. एक तक्रार: शेतकऱ्यांची यादी ‘उलटसुलट’ दिसते. नवा क्रम आहे, सवय होईल.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नव्या मशीनवर ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज’ ३० जीबी लावली. आता पब्लिशर १७ आहे, सोय वापरता येते. जुनं मशीन मेलं तर परतीची वाट बंद होईल, बाजार बंद होणार नाही.

परतीची वाट २३ तारखेच्या शनिवारपर्यंत ठेवायची ठरलं. २७ ला गणपती बसतात, त्याआधीच्या दिवसांत फुलबाजाराच्या पट्ट्या कितीतरी पटीने वाढतात, तेव्हा दोन मशीनांचा व्याप नको.

पोटमाळ्यावर जो जाईल त्याच्यासाठी: मशीनचं बटण दाबण्याआधी जुन्या बाजूला लॉगिन करून सबस्क्रिप्शन ड्रॉप करायचं. मग नव्या बाजूला स्लॉटची यादी बघायची, ती रिकामी हवी. नुसती वायर काढली तर स्लॉट नव्या मशीनवर तसाच राहील आणि ३० जीबी होईपर्यंत वॉल धरून बसेल. जुनं मशीन आधीच बंद पडलेलं सापडलं, तर स्लॉट नव्या बाजूनेच ड्रॉप करायचा. लसणाची पोती हलवायला हमाल लागेल, दिवाणजींना आदल्या दिवशी सांगून ठेवणे.